पंतुलुगारूंचे सात नियम

लग्नपत्रिका हातात पडली की माणसं तारीख बघतात, कार्यालय बघतात, जेवणाची वेळ बघतात. काका पत्रिका शेवटच्या ओळीपासून वर वाचत जात. खालच्या निमंत्रकांपासून निघून वरच्या गणपतीपर्यंत पोचले की खिशातली लाल-निळी पेन्सिल काढत, दोन-तीन ठिकाणी खुणा करत आणि पत्रिका देणाऱ्याला परत करत म्हणत, "अभिनंदन. तीन चुका आहेत. थोरलीच्या लग्नात चालून जातील, धाकटीच्या वेळी आधी दाखवा." सुलटं वाचलं की डोळा अर्थामागे पळतो आणि चूक मागे राहते, असं त्यांचं म्हणणं. लोक रागवायचे. मग धाकटीच्या लग्नाच्या वेळी मुकाट कच्ची पत्रिका घेऊन त्यांच्याकडेच यायचे.

हॉटेलच्या पाट्या, बसची तिकिटं, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या, काही म्हणून त्यांच्या पेन्सिलीतून सुटत नसे. चारमिनारजवळच्या एका इराणी हॉटेलात त्यांना चहा फुकट मिळायचा, कारण भिंतीवरचा दरफलक त्यांनी तीन भाषांत तपासून दिला होता. त्या हॉटेलमालकाला तीनपैकी एकही भाषा वाचता येत नव्हती, पण काकांवर त्याचा विश्वास होता. माझाही पुढे बसला, पण जरा उशिरानं बसला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हैदराबादेत ज्याच्याकडे दोन खोल्या आणि एक जनरेटर होता तो सॉफ्टवेअर कंपनी काढत होता. आमची कंपनी सिकंदराबादला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर होती. मी नल्लकुंट्याहून बसनं जायची. एमसीए झाले होते, अर्ज प्रोग्रॅमर म्हणून केला होता आणि जागा मिळाली ती डॉक्युमेंटेशनमध्ये. म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्यांनी लिहायचे आणि ते काय करतात, कसे करतात, कुठे अडतात हे मी लिहून ठेवायचं. घरी वडिलांना हे समजावताना माझी दमछाक झाली. ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले. "म्हणजे तू कारकून?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग कारकुनाची पेन्शन तरी?" तीही नाही म्हटलं. त्यांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला आणि प्रोबेशनचे सहा महिने संपू देत, मग बघू, एवढंच म्हणाले.

त्या खात्यात आम्ही तिघं होतो. काका, मी आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. काका तेव्हा साठी ओलांडलेले. सगळं ऑफिस त्यांना पंतुलुगारू म्हणे. पंतुलु म्हणजे तेलुगूत मास्तर, आणि गारू म्हणजे आपलं 'राव'. मी पहिल्या दिवशी सर म्हणाले तर हात वर करून म्हणाले, "सर नक्को. सर म्हटलं की मला माझे शाळेतले सर आठवतात आणि छडीसाठी हात पुढे करावासा वाटतो. कुठं राहतेस? नल्लकुंटा? मग काकाच म्हण." तेव्हापासून मी काका म्हणते.

त्यांना प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. टंकलेखन एका बोटानं, तेही डाव्या हाताच्या, कारण उजव्यात पेन्सिल. 'डॉक्युमेंटेशन' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते त्याला 'खुलासा' म्हणत. शाळा उर्दूतून झालेली, घर मराठी, गल्ली तेलुगू, त्यामुळे जो शब्द चपखल बसेल तो ते बिनदिक्कत उचलत. पण कुठल्या प्रोग्रॅमरचं काम कच्चं आहे हे त्यांना बरोबर समजे. त्यांची परीक्षा साधी होती. पोराच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचं, प्रोग्रॅमच्या एका तुकड्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "तुझं हे फंक्शन काय करतं? एका वाक्यात सांग. इतमिनानानं सांग, घाई नक्को." तो सांगे, हे हप्ता काढतं आणि नोंद करतं आणि पत्र छापतं. काका बोटं दुमडत. "दोन 'आणि' झाले. म्हणजे हे एक फंक्शन नाही, तीन आहेत. सुटे करून ये, मग खुलासा लिहू." पोरं वैतागायची. मागून त्यांना उंटावरचा शहाणा म्हणायची. पण सुटे केले की निम्मे घोटाळे आपोआप मिटायचे, हे त्यांनाही दिसत होतं.

काकांचं आणखी एक खूळ म्हणजे मोठ्यानं वाचणं. ते सुलतान बाजारातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. तिथे कायद्याची पुस्तकं आणि कचेऱ्यांचे फॉर्म छापत. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, कंस, नवा परिच्छेद सगळं उच्चारून, आणि दुसऱ्यानं छापलेल्या प्रतीवर नजर ठेवायची, अशी तिथली रीत. ती त्यांनी आमच्या ऑफिसात आणली. मी वाचायची, ते तपासायचे. हॉलभर लोक कीबोर्ड बडवताहेत आणि कोपऱ्यात मी "मोठा कंस सुरू, हप्ता, स्वल्पविराम, व्याज, मोठा कंस पूर्ण" असं स्तोत्र म्हणतेय. पहिला आठवडा मी लाजेनं अर्धमेली झाले. "जे तोंडानं वाचता येत नाही," काका म्हणत, "ते आपण डोळ्यानं वाचतोय असा नुसता भास असतो बेटा."

आता खऱ्या गोष्टीकडे येते.

अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं काम आमच्याकडे येऊ घातलं होतं. त्यांचे जुने प्रोग्रॅम पुढची अनेक वर्षं आम्ही सांभाळायचे. अट एकच, प्रत्येक प्रोग्रॅमचा खुलासा हवा, आणि तो कुठल्या स्वरूपात लिहिणार ते आम्ही दाखवायचं. तीन आठवड्यांनी त्यांची तज्ज्ञ येऊन बघणार होती. एमडीसाहेबांनी बैठक बोलावली.

श्रीनिवास आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. तिशीतला, दोन वर्षं अमेरिकेत काढून आलेला, हुशार आणि मनानं वाईट नव्हे. त्यानं एक तयार पॅकेज सुचवलं. त्यात खुलासा वेगळ्या फायलीत राहायचा, पडद्यावर रंगीत दिसायचा, छापला की पुस्तकासारखा. वर ते विकणारे आपली माणसंही देणार होते, म्हणजे आमचं खातंच नको. मी धीर करून दुसरी पद्धत सुचवली. तेव्हा वेबपानं नवीनच दिसू लागली होती. त्यात असतात तशा कोनी कंसातल्या खुणा वापरून मजकूर लिहायचा. काका म्हणाले, "दोन्ही वाचून बघू."

श्रीनिवास हसला. "पंतुलुगारू, ये मुँह से पढ़ने की चीज नै है. सॉफ्टवेअर पढ़ता इसकू."

"हौ. आणि सॉफ्टवेअर आजारी पडलं की?"

वाचायला त्यांनी नसीमला बोलावलं. नसीम रिसेप्शनवर बसायची. फोन घ्यायची, फॅक्स पाठवायची, आणि सगळ्या ऑफिसात तिच्याइतका खणखणीत आवाज कुणाचा नव्हता. पॅकेजची फाइल तिनं आपल्या यंत्रावर उघडली आणि पडद्याजवळ तोंड नेलं. मग म्हणाली, "चौकोन, चौकोन, बदाम, फिर चौकोन. काका, ये तो ताश के पत्ते हैं."

श्रीनिवासनं सांगितलं की रिसेप्शनवरचं यंत्र जुनं आहे, त्यावर हे उघडणार नाही. काकांनी मान डोलावली. "म्हणजे वाचणाऱ्याचं यंत्र जुनं नसावं, असा एक नियम झाला तर."

मग माझं पान. नसीमनं इमानेइतबारे सुरुवात केली. "लेस दॅन, पी, ग्रेटर दॅन, लेस दॅन, बी, ग्रेटर दॅन, प्रीमियम, लेस दॅन, स्लॅश, बी, ग्रेटर दॅन..." चौथ्या ओळीला तिला धाप लागली. "काका, इसमें बात एक है, दरवाजे दस."

मी हिरमुसले. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तुझी पद्धत वाईट नाही बेटा. यंत्रासाठी आहे. यंत्र न दमता दारं उघडतं, लावतं. आपल्याला मध्यरात्री झोपेतून उठलेल्या माणसासाठी पाहिजे."

त्यांची स्वतःची पद्धत त्यांनी एका कागदावर लिहून आणली होती. सात नियम. प्रोग्रॅममध्ये यंत्रासाठीच्या ओळींच्या मध्ये माणसासाठी टिपण लिहायची सोय असते. स्लॅश-स्टार लिहिलं की टिपण सुरू, स्टार-स्लॅश लिहिलं की संपलं, मधलं काही यंत्र वाचत नाही. काकांचा खुलासा तिथेच, प्रोग्रॅमच्या पोटात राहणार होता. टिपणाच्या प्रत्येक ओळीला डावीकडे उभी रेघ, समासासारखी. मथळ्याखाली आडवी रेघ. यादीला छोटी रेघ. नमुना चार जागा आत सरकवून. फंक्शन काय घेतं आणि काय देतं ते एकेका ठरलेल्या शब्दानं. धोका असेल तिथे 'सावधान'. आणि सातवा नियम, ठसवायचा शब्द दोन स्टारांच्या मध्ये. एवढंच. यंत्र त्यातून पुस्तकही काढील आणि यंत्र नसेल तर माणूस तसंच वाचील. नसीमनं ते पान एका दमात वाचलं आणि म्हणाली, "ये तो खत के जैसा है."

एमडीसाहेब गुंटूरकडचे, शेतकरी घरातले, दोन्ही बाजू ऐकून घेणारे. त्यांनी डोकं खाजवलं. "ठीक है. एक प्रोग्रॅम श्रीनिवास के तरीके से, एक पंतुलुगारू के. मॅडम जिसकू हाँ बोले, वो रहेगा." मग काकांकडे न बघता त्यांनी उरलेलं सांगितलं. पॅकेज आलं तर महिनाअखेरीस खुलासा खातं बंद. काका घरी, आणि माझ्या प्रोबेशनच्या पत्रातली शेवटची ओळ, म्हणजे नोकरी संपली, लागू.

जिने उतरताना मी काकांना विचारलं की तुम्हाला पेन्शन आहे, घर आहे, मग एवढी जिद्द कशाला? ते पायरीवर थांबले. छापखान्यात त्यांची निम्मी नोकरी झाली तेव्हा एक परदेशी यंत्र आलं होतं म्हणाले. त्यावर मोठमोठे कायदे जुळवले, फिती भरभरून ठेवल्या. ते यंत्र बनवणारी कंपनी बुडाली. यंत्र बिघडलं, आणि त्या फिती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राला वाचता येईनात. "बारा वर्षांचं काम होतं. फिती माझ्या हातात, अक्षर एक दिसत नाही. सगळं पुन्हा जुळवलं, पुन्हा तपासलं. माझ्या जोडीचा वाचणारा त्या कामात थकून गेला बेटा, शेवट बघितला नाही त्यानं." दुधानं तोंड पोळलेल्या माणसानं ताक फुंकून प्यावं यात नवल नाही. मला त्यांची जिद्द तेव्हा कळली, आणि ती हळूहळू माझीही झाली.

तीन आठवडे आम्ही खपलो. फाइल उघडायची, पोराला एका वाक्यात सांगायला लावायचं, खुलासा लिहायचा, वाचायचा. त्यातून पुस्तक काढणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहिला, आणि त्या दिवशी काकांनी मला मुद्दाम इराणी चहा पाजला, त्यांच्या फुकटच्या हॉटेलात. शेवटचे दोन दिवस काकांनी एकट्यानं सगळ्या फायलींवर हात फिरवला. जिथे जिथे पर्याय होते तिथे ते ठसवून लिहिले. आम्ही यंत्रावर पुन्हा काही चालवून बघितलं नाही. टिपणं यंत्र वाचतच नाही, मग तपासायचं काय?

त्या बाई आल्या त्या सकाळी दहाला. साठीच्या, आखूड पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, हातात स्वतःचा थर्मास. बोलणं कमी. तीस वर्षं त्या एकाच कंपनीचे प्रोग्रॅम सांभाळत होत्या.

श्रीनिवासनं आधी दाखवलं, आणि छान दाखवलं. रंग, चौकटी, एका टिचकीसरशी पान उघडतंय.  बाईंनी सगळं शांतपणे बघितलं आणि एक प्रश्न विचारला. काल दुपारी त्यांच्या पत्रावरून हप्त्याच्या हिशेबात एक बदल केला होता, तो यात कुठे आहे? तो प्रोग्रॅममध्ये होता. पॅकेजच्या फायलीत अजून कुणी लिहिला नव्हता. श्रीनिवास म्हणाला, संध्याकाळपर्यंत लिहितो. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

मग आमची पाळी. बाईंनी पानं चाळली आणि म्हणाल्या, ज्या फायलींत हा खुलासा आहे त्या खऱ्याच चालणाऱ्या फायली आहेत ना? मग माझ्यासमोर त्यांचा प्रोग्रॅम बांधून, म्हणजे यंत्राला चालवता येईल असा करून दाखवा.

श्रीनिवासनंच आज्ञा दिली. पडद्यावर चुकांची रांग सुरू झाली आणि थांबेना. पहिली फाइल गेली, दुसरी गेली, सगळ्या गेल्या. परवापर्यंत बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम आम्ही नुसती टिपणं लिहून मोडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एमडीसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. श्रीनिवास काही बोलला नाही, हे त्याच्याबद्दल मला आजही सांगावंसं वाटतं. मी चुकांची ओळन् ओळ बघत होते आणि भीतीनं मला एक अक्षर उमगत नव्हतं. वडिलांनी आणलेला तो फॉर्म डोळ्यांसमोर नाचायला लागला.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. पण ते उठले, दाराशी गेले आणि म्हणाले, "नसीम, इधर आ बेटा. पहली चूक जिस लाइन पे है, वो पढ़."

"अब्बी? मॅडम के सामने?"

"हौ, अब्बी. जोर से."

नसीम पडद्यासमोर उभी राहिली, पदर खोचला आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात वाचू लागली. "पेमेंट इज, स्टार, मंथली, स्टार, स्लॅश, स्टार, इयरली, स्टार."

हॉलमधले सगळे कीबोर्ड एकदम थांबले. स्टार, स्लॅश. डोळ्यांनी ती ओळ मी दहा वेळा बघितली होती आणि मला त्यात फक्त 'मासिक किंवा वार्षिक' दिसत होतं. कानावर पडलं तेव्हा एका क्षणात कळलं. स्टार-स्लॅश म्हणजे टिपण संपलं. यंत्रानं तिथे टिपण संपवलं होतं आणि पुढचं आमचं सगळं इंग्रजी प्रोग्रॅम समजून वाचायला घेतलं होतं.

"काका, स्लॅश तुम्ही घातलात?" मी विचारलं.

काकांनी कपाळाला हात लावला. एकतीस वर्षं कचेऱ्यांचे फॉर्म तपासले होते त्यांनी. होय/नाही, श्री/श्रीमती, विवाहित/अविवाहित, नको असेल ते खोडा. दोन पर्याय दिसले की मध्ये तिरकी रेघ, हे त्यांच्या बोटांत होतं. आणि पर्याय महत्त्वाचे म्हणून दोन्ही ठसवलेले, दोन्हींना स्टार. जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅमरच्या हातून ही चूक झाली नसती. ती फक्त त्यांच्याच हातून व्हायची होती.

ते सरळ बाईंसमोर गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "चूक माझी आहे. या मुलीची नाही, पद्धतीचीही नाही. सातवा नियम मी बदलतो." खिशातून पेन्सिल काढून त्यांनी नियमांच्या कागदावरचे दोन स्टार लाल टोकानं खोडले आणि तिथे निळ्यानं दोन खालच्या रेघा काढल्या, शब्दाच्या आधी एक, नंतर एक. "बेटा, सगळ्या फायलींत एवढं कर. किती वेळ लागेल?"

टिपणाच्या प्रत्येक ओळीला समासाची उभी रेघ होती. त्यामुळे प्रोग्रॅमच्या ओळींना धक्का न लावता तेवढ्याच ओळी पकडता येत होत्या, आणि त्या साध्या अक्षरांत होत्या. मी एका ओळीची आज्ञा लिहिली. घाईत अक्षर चुकलं म्हणून ती दोनदा लिहावी लागली. एंटर दाबलं. बाईंनी थर्मासचं झाकण फिरवून उघडेपर्यंत सगळ्या फायली बदलून झाल्या होत्या. श्रीनिवासनं पुन्हा आज्ञा दिली. पडदा जरा वेळ रिकामा राहिला आणि मग प्रोग्रॅम बांधून झाल्याची ओळ आली. एकही चूक नाही. नसीमनं टाळी वाजवली, आणि मग बाईंकडे बघून जीभ चावली.

बाई मात्र नसीमकडेच बघत होत्या. त्यांनी एक पान काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, हे वाच, आता जशी वाचलीस तशी. नसीमनं वाचलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. ते पान त्यांनी आधी बघितलेलं नव्हतं. संपल्यावर डोळे उघडून त्यांनी तो प्रोग्रॅम काय करतो ते एका वाक्यात सांगितलं. काका बोटं दुमडायला तयार होते, पण एकही बोट दुमडावं लागलं नाही.

मग त्या पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलल्या. "आमच्याकडे प्रोग्रॅम बंद पडला की पाळीवरचा माणूस मला घरी फोन करतो. घरी माझ्याकडे यंत्र नाही. तो वाचतो, मी ऐकते, आणि काय करायचं ते सांगते. तीस वर्षांत मला फोनवर वाचता येईल असा कागद कुणी करून दिला नाही." थर्मासमधलं काहीतरी त्या प्यायल्या. एमडीसाहेबांनी हळूच झालेल्या चुकीचा विषय काढला. बाई म्हणाल्या, "न चुकणारी पद्धत मी अजून बघितलेली नाही. चूक सापडते आणि चहा निवायच्या आत दुरुस्त होते, अशी आज पहिल्यांदा बघितली. मला हीच हवी."

मी काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. मी रडले. काकांनी हातरुमाल पुढे केला आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले, शर्टाच्या टोकानं, कारण रुमाल माझ्याकडे होता. हॉलमधली पोरं उठून आली. ज्यांना त्यांनी 'आणि' मोजून मोजून छळलं होतं ती सगळी. कुणीतरी म्हणालं, "पंतुलुगारू, कमाल केली तुमी." श्रीनिवासनं हात पुढे केला आणि काकांनी तो दोन्ही हातांत धरला. "तुझी पुस्तकं दिसायला माझ्यापेक्षा देखणी होती. तो चेहरा आपल्या खुलाशाला दे ना." आणि श्रीनिवासनं पुढे खरंच दिला.

खातं राहिलं. मी राहिले. त्या कंपनीनंतर त्या बाईंनीच सांगितलं म्हणून आणखी एक कंपनी आली, तिलाही सात नियमच हवे होते. नसीमला रिसेप्शनवरून खुलासा खात्यात घेतलं ते काकांनी एमडीसाहेबांशी भांडून. "वाचणारा नसेल तर तपासणारा काय करील?" एवढाच त्यांचा मुद्दा होता. तीन जीवांचे चार झाले.

कराराला ते नियमांचं पान जोडायचं होतं. एमडीसाहेब म्हणाले, नीट छापा आणि खाली पंतुलुगारूंचं नाव घाला, पद्धत त्यांची आहे. मी पान जुळवलं आणि तपासायला काकांपुढे ठेवलं. ते एरवी पान मिनिटात परत करत. त्या दिवशी बराच वेळ गेला. मला वाटलं, मोठी चूक सापडली. जवळ जाऊन बघितलं तर पेन्सिल टेबलावर होती आणि ते तळाच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले, "लेखकाचं नाव तपासलं, संपादकाचं तपासलं, मालकाचं तपासलं. तपासणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही बेटा. ते छापायचं नसतंच." मग अगदी हळू, एखाद्या परक्या ऑफिसात काही मागावं तसं म्हणाले, "याची एक प्रत घरी नेली तर चालेल? बायकोला दाखवली असती."

 मी प्रिंटरकडे गेले आणि एक सोडून दहा प्रती काढल्या. एक ते घेतील, बाकीच्या फायलीला लागतील, असं मनाशी म्हटलं. त्यांनी त्या हातात घेऊन मोजल्या, कडा जुळवल्या, एक वर्तमानपत्र मागून घेऊन त्यात गुंडाळल्या, आणि दहाच्या दहा घरी घेऊन गेले.